तीस लाख मैलांची शिकवणी

ताडपत्री सुटली होती. दोन ट्रेलर जोडलेला अवजड ट्रक मोकळ्या रस्त्याने चालला होता आणि मागे ती ताडपत्री वाऱ्याने फडफडत होती. चालक आरशात तिच्याकडे बघत होता. पुढे चौक आहे हे सांगणाऱ्या चार पाट्या मागे पडल्या. मग थांबण्याची भलीमोठी पाटी आली, तिच्यावर लाल दिवा लुकलुकत होता, तीही त्याला दिसली नाही. आडव्या रस्त्याने येणारी बस त्या ट्रकवर आदळली. ही गोष्ट ६ एप्रिल २०१८ ची, कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतातली. बसमध्ये हम्बोल्ट ब्रॉन्कोज हा तरुण मुलांचा आइस हॉकीचा संघ होता. १६ जण गेले, १३ जखमी झाले.

चालकाने सगळे गुन्हे कबूल केले. खटला चालवून त्या घरांचं दुःख आणखी वाढवायचं नाही, असं त्याच्या वतीने सांगण्यात आलं. त्याला ८ वर्षांची शिक्षा झाली. त्या शिक्षेबद्दल मी काही बोलणार नाही. ज्यांची मुलं परत आली नाहीत त्यांच्यापुढे बोलण्यासारखं माझ्याकडे काही नाही. पण न्यायालयात पुढे आलेला एक तपशील मनातून जात नाही. हा माणूस आठवडाभर शिकला, दोन आठवडे मालकाबरोबर फिरला आणि मग एकट्याने निघाला. एवढी अवजड गाडी हाती घेण्याआधी किती तास शिकायला हवं, याचं तेव्हा त्या प्रांतात बंधनच नव्हतं. अपघातानंतर, मार्च २०१९ पासून, तिथे १२१.५ तासांचं प्रशिक्षण सक्तीचं झालं.

ताडपत्री सुटणं ही ट्रकवाल्यांच्या आयुष्यातली रोजची गोष्ट. कुठल्याही जुन्या चालकाला विचारा, तो सांगेल: फडफड ऐकू आली की गाडी बाजूला घ्यायची, दोर आवळायचा, मग पुढे निघायचं. दोर कोणीही आवळेल. अवघड आहे ते वेळेत गाडी बाजूला घेणं. ताशी ९० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला २५ मीटर पुढे जाते. आरशात चार सेकंद नजर अडकली की १०० मीटर रस्ता न बघता मागे गेला. हे गणित शाळेतलं पोरगंही करेल. पण उशीर झालेला असताना, मालकाचा फोन येऊन गेलेला असताना, मागे फडफड चालू असताना ते हातापायांना ठाऊक असावं लागतं. आणि थांबलं तर कोणी ओरडणार नाही, याची खात्री असावी लागते. नव्या माणसाकडे या दोन्ही गोष्टी नसतात.

मी एका गोदामाच्या फाटकावर काम करते. गाडीचा नंबर, चालकाचं लायसन, मालाचे कागद, आत घेतल्याची वेळ, बाहेर सोडल्याची वेळ, एवढ्या नोंदी माझ्याकडे. माझे मामा आयुष्यभर ट्रक चालवत आले, त्यामुळे कागद हातात यायच्या आधीच माझी नजर चालकाच्या डोळ्यांकडे जाते. गेली काही वर्षं फाटकावर वाट बघणाऱ्या चालकांच्या बोलण्यात एक विषय सारखा येतो. गाड्या आपोआप चालणार म्हणे. आम्ही काय करायचं, मॅडम? या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता मी वाचत गेले, आणि वाचताना जे सगळ्यात जास्त खटकलं ते नोकऱ्या जाण्याबद्दलचं नव्हतं. ते शिकवण्याबद्दलचं होतं.

लहानपणी सुट्टीत मामांच्या केबिनमध्ये बसून मी लांबवर गेलेली आहे. गाडी कुठेही थांबली की मामा आधी खाली उतरायचे, गाडीला पूर्ण वळसा घालायचे आणि प्रत्येक चाकापाशी वाकून मधल्या भागाजवळ हात धरायचे. टेकवायचे नाहीत, जवळ धरायचे, आणि तोही पालथा.

“मामा, हे काय बघता?”

“ताप बघतो. सगळी चाकं सारखीच तापतात. एखादं जास्त तापलं असेल तर काहीतरी धरलंय समज. ब्रेक सुटला नसेल, नाहीतर बेअरिंग जायला आलं असेल.”

“मग हात उलटा का?”

“अगं, तळवा भाजला तर स्टिअरिंग कशाने धरू?”

मग सीटखालचा लोखंडी दांडा काढून ते एकेक टायर ठोकायचे. मागच्या जोडीतल्या आतल्या टायरमधली हवा गेली तरी बाहेरून पत्ता लागत नाही. बाहेरचा टायर सगळं वजन उचलून उभा असतो, तापत असतो, आणि भर रस्त्यात फुटतो. आवाजावरून मामांना कळायचं. मला दोन्ही आवाज सारखेच वाटायचे. एकदा त्यांनी माझ्या हातात दांडा दिला आणि कमी हवेच्या टायरवर दोन-तीनदा मारायला लावला, मग शेजारच्या भरलेल्यावर. भरलेला टायर दांडा परत फेकतो. हवा गेलेला तो गिळतो. फरक कानाला कळायच्या आधी मनगटाला कळला.

मामा हे कुठल्या शाळेत शिकले नव्हते. बरीच वर्षं क्लीनर म्हणून शेजारी बसून, रात्री-बेरात्री गाडीखाली शिरून शिकले. ती पद्धत फार थोर होती असं मी म्हणणार नाही. पोरांना राबवून घ्यायचे, पगार नावालाच असायचा, आणि चांगल्याबरोबर वाईटही शिकवलं जायचं. मामांच्या उस्तादाने त्यांना डिझेल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रल करायला शिकवलं होतं. त्यात जीव जातो हे त्यांना पुढे दुसऱ्याच एका चालकाने समजावलं. पण वाईट शिकवणी होती म्हणून तिच्या जागी चांगली आणायला हवी होती. झालं असं की खर्च कमी करायला शेजारच्या सीटवरचा दुसरा माणूसच काढून टाकला, आणि त्याच्या जागी काही आलं नाही.

उतारावर काय होतं ते जरा सविस्तर सांगते, कारण यातच या कामाचा सगळा अर्क आहे. ब्रेक मारणं म्हणजे गतीची उष्णता करणं. ४० टनांचं ओझं डोंगरावरून खाली आणायचं तर ती उष्णता कुठेतरी जाणारच. पेडलवर सतत पाय ठेवला की चाकातला ब्रेकचा ड्रम तापतो, तापून फुगतो, त्याला आतून घासून धरणाऱ्या लायनरपासून लांब जातो, आणि तापलेल्या लायनरची पकडही सुटत जाते. पेडल पूर्ण दाबलेलं असतं आणि गाडी वेग घेत असते. म्हणून गाडी धरायची ती इंजिनाने, खालच्या गिअरमध्ये. आणि तो गिअर उतार लागायच्या आधी टाकायचा. एकदा वेग वाढला की खालचा गिअर पडत नाही. म्हणजे धोका दिसायच्या आधी हालचाल करायची. डोंगराळ रस्त्यांवर ब्रेक गेलेल्या गाड्यांसाठी वाळू-खडीचे चढते फाटे केलेले असतात. ते वापरायचे असतात हेही कोणीतरी आधी डोक्यात भरवलेलं असावं लागतं. घाबरलेला माणूस फाटा मागे पडला तरी पेडलच दाबत राहतो.

अशा कितीतरी गोष्टी. एअर ब्रेकमध्ये पेडल दाबल्यावर हवा चाकापर्यंत पोचून ब्रेक धरायला साधारण अर्धा सेकंद जातो. ताशी ९० च्या वेगाला तेवढ्यात १२ मीटर संपतात. अर्धा भरलेला टँकर पूर्ण भरलेल्यापेक्षा दगाबाज, कारण गाडी थांबली तरी आतला द्रव थांबत नाही, लाट होऊन पुढे येतो आणि गाडीला पुढे ढकलतो. ओल्या रस्त्यावर रिकामा ट्रेलर मागून वळून केबिनशी काटकोन करतो. यातलं काहीच लहान गाडी चालवताना कळत नाही. आणि वाचून कळलं तरी उपयोग नाही, हात बसावा लागतो.

तो बसवायला आपण किती वेळ देतो? युरोपीय संघात धंदा म्हणून ट्रक चालवायचा तर मूळ पात्रतेच्या शिक्षणाला २८० तास, झटपट मार्ग घेतला तर १४०, आणि पुढे दर ५ वर्षांनी ३५ तासांची उजळणी. हे त्यातल्या त्यात बरं उदाहरण. अमेरिकेत ७ फेब्रुवारी २०२२ पासून नव्या चालकांना ठरलेला अभ्यासक्रम पूर्ण करणं सक्तीचं झालं, पण त्यात किमान तासांची अट नाही. आधीच्या मसुद्यात गाडीवर ३० तासांची अट होती, अंतिम नियमात ती गळली. प्रशिक्षकाने येतंय म्हटलं की येतंय. नुसते तास मोजल्याने माणूस शिकत नाही, हा युक्तिवाद मला मान्य आहे. पण चालक कमी पडतात, माल पडून आहे, गाड्या उभ्या आहेत अशी घाई असते तेव्हा लिहिलेला आकडाच शिकाऊ माणसाला वाचवतो. न लिहिलेली गोष्ट सगळ्यात आधी कापली जाते.

फाटकावरून दिसणारी दुसरी गोष्ट म्हणजे खोळंबा. गाडी वेळेवर येते, पण माल चढवायचा-उतरवायचा धक्का रिकामा नसतो. कधी कागद अडतो, कधी माणसं जेवायला गेलेली असतात, कधी फोर्कलिफ्ट बंद. चालक तासन्‌तास वाट बघतो. झोपू शकत नाही, कारण नंबर कधी लागेल सांगता येत नाही. लागला आणि तो जागेवर नसला तर पुन्हा रांगेच्या शेवटी. बऱ्याच जणांना पैसे खेपेवर किंवा किलोमीटरवर मिळतात, म्हणजे या तासांचे काहीच नाहीत. मग फाटकातून सुटल्यावर तो काय करणार? गेलेला वेळ रस्त्यावर भरून काढणार. याला मी तर्क म्हणत होते, पण अमेरिकेच्या वाहतूक खात्याच्या महानिरीक्षक कार्यालयाने २०१८ मध्ये हिशेब मांडला: चढवण्या-उतरवण्याच्या जागी थांबण्याचा सरासरी वेळ १५ मिनिटांनी वाढला की अपघाताचं अपेक्षित प्रमाण ६.२ टक्क्यांनी वाढतं. पंधरा मिनिटं! माझ्या वहीत पंधरा मिनिटांच्या उशिराची कोणी दखलही घेत नाही. अपघात झाला की पोलीस चालकाचा श्वास तपासतात, टायर तपासतात, वेग तपासतात. तो आदल्या दिवशी कोणाच्या फाटकावर किती वेळ ताटकळला होता, ते कोण बघतं?

झोपेचंही तसंच. ऑस्ट्रेलियातल्या ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड यांनी १९९७ मध्ये दाखवून दिलं की सलग १७ तास जागा असलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतका मंदावतो, आणि २४ तासांनी ०.१० टक्केवाल्याइतका. कितीतरी देशांत ०.०५ ला गाडी चालवणं गुन्हा आहे. दारू पिऊन चालवणाऱ्याला आपण गुन्हेगार म्हणतो. जागून चालवणाऱ्याला मेहनती म्हणतो. पहाटेच्या आधीचे दोन-तीन तास शरीरच साथ सोडतं, मन कितीही घट्ट असो. खिडकी उघडून, गाणी मोठ्याने लावून, तोंडावर पाणी मारून डोळा लागायचा राहत नाही. झोपेवर उपाय झोप हाच आहे. वीस मिनिटांची डुलकी, तीही गाडी सुरक्षित जागी उभी करून. पण उभी कुठे करायची? हमरस्त्याच्या कडेला, जिथे मागून कोणी येऊन धडकेल? अवजड गाड्यांसाठी उजेड असलेली, शौचालय असलेली, चोरीची धास्ती नसलेली जागा मिळणं जगभरात कठीण आहे. बायका चालक म्हणून या धंद्यात का येत नाहीत, यावर परिसंवाद होतात. या एका गोष्टीत अर्धं उत्तर आहे.

तासांचे कायदे आहेत. युरोपात साडेचार तास चालवल्यावर ४५ मिनिटं थांबायचं, दिवसाला साधारण ९ तास. अमेरिकेत कामाला लागल्यापासूनच्या १४ तासांत जास्तीत जास्त ११ तास चालवणं. भारतात १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली होती. अमेरिकेत डिसेंबर २०१७ पासून कागदी वही जाऊन तास मोजणारं यंत्र केबिनमध्ये आलं. तासांचं उल्लंघन कमी झालं, पण नंतरच्या अभ्यासात अपघात कमी झाल्याचं दिसलं नाही. लहान वाहतूकदारांच्या गाड्यांत वेगाचं उल्लंघन मात्र वाढलं. मला यात नवल वाटलं नाही. घड्याळ लावलं, पण किलोमीटरवरचा पगार आणि फाटकावरचा खोळंबा तसाच ठेवला, तर माणूस उरलेल्या वेळात जास्त जोराने पळणार. युरोपच्या नियमात याच्या मुळाला हात घालणारं एक कलम आहे: रस्त्यावरची सुरक्षितता धोक्यात येईल अशा रीतीने अंतरावर किंवा मालाच्या वजनावर चालकाला पैसे द्यायचे नाहीत. अंमलबजावणी कितपत होते हा वेगळा प्रश्न, पण कायद्याने निदान बोट बरोबर जागी ठेवलं आहे.

आता यंत्राकडे येते.

मे २०२५ मध्ये अमेरिकेत टेक्सासमधल्या डॅलस आणि ह्यूस्टन या शहरांदरम्यान ऑरोरा या कंपनीने चालकाच्या सीटवर कोणी नसलेले मालवाहू ट्रक सुरू केल्याचं जाहीर केलं. काही आठवड्यांतच ट्रक बनवणाऱ्या पॅकार कंपनीच्या विनंतीवरून सीटवर पुन्हा एक माणूस बसवला गेला, निरीक्षक म्हणून. या बातमीवर दोन्ही बाजूंनी बरंच लिहिलं गेलं. माझी नजर मात्र दुसऱ्याच आकड्यावर अडकली. माणसाशिवाय सोडण्याआधी ती प्रणाली माणसाच्या देखरेखीखाली ४ वर्षांत ३० लाख मैलांहून जास्त चालवली गेली होती. म्हणजे जवळपास ४८ लाख किलोमीटर. वर्षाला एक लाख मैल चालवणाऱ्या चालकाला हे अंतर कापायला ३० वर्षं लागतील. हे झालं खऱ्या रस्त्यावरचं. संगणकातल्या आभासी रस्त्यांवरचा सराव वेगळा.

यंत्र शिकतं कसं, ते बघा. शेजारी अनुभवी चालक. चूक होतेय वाटलं की तो गाडी हातात घेतो. त्या क्षणाची पूर्ण नोंद राहते: काय दिसलं, काय दिसलं नाही, काय ठरवलं. अभियंते ती नोंद उघडून बसतात. तोच प्रसंग पाऊस घालून, अंधार करून, समोरची गाडी जवळ आणून पुन्हा पुन्हा घडवतात. एक ब्रेक निकामी झाला तर दुसरा, एक स्टिअरिंगची यंत्रणा बंद पडली तर दुसरी. हे सगळं पुरेसं सुरक्षित आहे हे मुद्देसूद, पुराव्यासह लिहून काढतात, आणि तसं वाटेपर्यंत गाडी एकटी सोडत नाहीत. उशीर झाला तरी चालतो. वर्षंच्या वर्षं पैसा ओतावा लागला तरी चालतो. काही कंपन्या यात बुडाल्या, उबरने आपला ट्रकचा प्रकल्प २०१८ मध्ये बंद केला, वेमोने २०२३ मध्ये मालवाहतूक बाजूला ठेवली.

मला हे वाचून राग आला नाही, हेवा वाटला. शिकवणं असंच असायला हवं! अपघात न होता थोडक्यात वाचल्याची प्रत्येक गोष्ट कोणीतरी समोर बसून ऐकते, त्यातून पुढच्याला धडा मिळतो. माणसाचं काय होतं? मामा कितीदा तरी थोडक्यात वाचले असतील. घरी कधी सांगितलं नाही, मालकाला तर नाहीच. सांगितलं असतं तर गाडी काढून घेतली असती. ती सगळी शिकवण त्यांच्याबरोबरच राहिली. सस्कॅचेवानच्या त्या चालकाला कोणी दोन महिने शेजारी बसून, सुटलेल्या ताडपत्रीचा प्रसंग चार वेळा घडवून दाखवला असता तर काय झालं असतं, हे आता कोणी सांगू शकत नाही. पण यंत्राच्या बाबतीत ते करणं आपल्याला गरजेचं वाटतं आणि माणसाच्या बाबतीत खर्चिक वाटतं, हे मला पटत नाही.

चुकीचा दोष देतानाही असंच. एप्रिल २०२२ मध्ये अमेरिकेत ॲरिझोना राज्यात टूसिंपल कंपनीचा स्वयंचलित ट्रक हमरस्त्यावर अचानक डावीकडे वळला आणि काँक्रीटच्या कठड्याला जाऊन धडकला. प्रणाली नीट पुन्हा सुरू न करता चालू केल्यामुळे तिने जवळपास अडीच मिनिटांपूर्वीची जुनी आज्ञा अमलात आणली होती. कंपनीने मानवी चूक म्हटलं. मुदत संपलेली आज्ञा मुळात पाळलीच कशी गेली, असा प्रश्न तज्ज्ञांनी तेव्हाच विचारला. यंत्र माणसाच्या जागी येतंय म्हणे; खापर फोडायला मात्र माणूसच लागतो.

यंत्राला विरोध करावा असं मला वाटत नाही. त्याला झोप येत नाही, राग येत नाही, फाटकावर चार तास थांबवलं म्हणून ते रस्त्यावर वेळ भरून काढत नाही. नव्या अवजड गाड्यांना स्वतःहून आपत्कालीन ब्रेक लावणारी यंत्रणा युरोपात २०१५ पासून सक्तीची आहे, आणि ती सगळीकडे हवी. खाणींमध्ये तर हे कधीचंच झालं. ऑस्ट्रेलियात पिलबारा भागातल्या रिओ टिंटोच्या लोखंडाच्या खाणींत २००८ पासून चालकाविना डंपर आले. त्यांच्यावर नजर ठेवणारी माणसं सुमारे १,५०० किलोमीटर दूर पर्थमध्ये बसतात. पण खाणीत रस्ता आपला, फाटक आपलं, मध्ये कोणी येणार नाही याची हमी आपली. सार्वजनिक रस्त्यावर पोरं असतात, जनावरं असतात, पडलेला माल असतो, हातवारे करणारा पोलीस असतो.

मला भीती वाटते ती मधल्या काळाची, आणि हा मधला काळ लांब असणार. गाडी बरंचसं काम स्वतः करते, माणूस नुसता लक्ष ठेवून बसतो. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ लिझॅन बेनब्रिज यांनी १९८३ मध्येच हा पेच मांडला होता: सोपं काम यंत्र घेतं, अवघड तेवढं माणसासाठी उरतं, आणि ते जमायला लागणारा रोजचा सराव मात्र सोप्या कामाबरोबरच निघून जातो. शिवाय तासन्‌तास काही घडत नसताना नुसतं बघत राहणं माणसाला जमत नाही. डोळे उघडे असतात, मन निघून गेलेलं असतं. आणि नेमकं बर्फात, धुक्यात, टायर फुटल्यावर यंत्र म्हणणार, आता तुम्ही घ्या. ज्याने कधी तापलेलं चाक हाताने ओळखलं नाही, उतारावर आधी गिअर टाकला नाही, तो दोन सेकंदांत काय घेणार? यंत्र जितकं हुशार होईल तितकं शेजारच्या माणसाचं शिक्षण जास्त लागेल. बाजारात नेमकं उलट बोललं जातंय: आता फार शिकवायची गरज नाही, गाडीच बघून घेते.

नोकऱ्यांचं काय, हे मला फाटकावर विचारतात. खरं उत्तर असं की एका झटक्यात काही जाणार नाही, पण काम तुटेल, आणि ते कसं तुटतंय याकडे आत्ताच लक्ष द्यायला हवं. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने २०२३ मध्ये अवजड स्वयंचलित गाड्यांत प्रशिक्षित माणूस असलाच पाहिजे असं विधेयक मंजूर केलं. राज्यपाल गॅव्हिन न्यूसम यांनी ते परत पाठवलं, पुढच्या वर्षीही तसंच झालं. नुसत्या बंदीवर विसंबून राहता येणार नाही, हे यातून दिसतं. सध्या मांडली जाणारी योजना अशी की लांबचा सरळ हमरस्ता यंत्राने कापायचा आणि दोन्ही टोकांचा गावातला भाग माणसाने. कागदावर हे छान दिसतं. रात्री घरी झोपायला मिळेल असंही सांगतात, आणि बऱ्याच चालकांना ते हवंच आहे.

पण मी ज्या फाटकावर बसते तिथून बघते तर सगळ्यात अवघड तो शेवटचा टप्पाच. अरुंद वळण, उलट्या दिशेने येणारी दुचाकी, आरशात न दिसणाऱ्या जागेत उभा राहिलेला हमाल, अंधारात धक्क्याला मागे लावायचा लांबलचक ट्रेलर. सरळ हमरस्ता हा या कामातला तुलनेने निवांत भाग, आणि पैसे किलोमीटरवर मिळत असल्याने कमाईचाही तोच. तो यंत्राकडे गेला की माणसाकडे उरतील किलोमीटर थोडे, धोके सगळे आणि खोळंबा पूर्ण. दर तोच ठेवला तर हे काम जाणते चालक करणार नाहीत. दुसरं काही न मिळालेली, घाईघाईने लायसन काढलेली पोरं करतील. यंत्राने नोकरी घेण्याआधी ती इतकी हलकी केली जाईल की गेल्याचं कोणाला काही वाटणार नाही.

फाटकावर मी आता गाड्यांच्या नोंदवहीशेजारी आणखी एक वही ठेवली आहे. आमच्या आवारात किंवा येता-जाता कुठे थोडक्यात वाचलात तर लिहा, नाव घालू नका, एवढंच वर लिहिलंय. सुरुवातीला कोणी हात लावला नाही. मग एका वयस्कर चालकाने धक्क्याच्या कोपऱ्यावरचा दिवा डोळ्यांवर येतो आणि मागचा माणूस दिसत नाही, असं लिहिलं. दिव्याचं तोंड फिरवायला विजेच्या माणसाला शिडी लावण्यापुरताच वेळ लागला. तो दिवा तसाच किती वर्षं होता कोण जाणे. त्यानंतर वळणावरचा खड्डा आला, फाटकाबाहेर रांगेत उभ्या गाड्यांमधून पळणारी शाळेची मुलं आली, रात्रभर थांबवून पहाटे सोडू नका असं तीन वेगवेगळ्या अक्षरांत आलं. खड्डा बुजला. मुलांसाठी शाळा सुटायच्या वेळेला एक माणूस उभा राहतो. पहाटे सोडण्याचं अजून अडलेलं आहे, कारण त्याला रात्री आवारात गाडी लावून झोपायची परवानगी आणि शौचालयाची किल्ली द्यावी लागते, आणि ते माझ्या हातात नाही. त्याचा अर्ज मी वहीची पानं जोडून दिला आहे. सोबत दुसरी मागणीही लिहिली आहे: ठरलेल्या वेळेनंतर गाडी खोळंबली तर तो वेळ बिलात लिहायचा आणि त्याचे पैसे थेट चालकाला द्यायचे. पुढच्या बैठकीत दोन्हींवर बोलायचं ठरलंय.